दिवसाची झोप मोजायची कशी? (मी म्हणते ६ तास, पट्टा म्हणतो ५:१०, वही म्हणते ४:२५)

डोंबिवलीची_सिस्टर | रविवार, संध्याकाळी ६:०५

नमस्कार मंडळी. आज ऑफ आहे, त्यामुळे निवांत लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

गेल्या महिन्यात कामावर वार्षिक तपासणीचा फॉर्म भरला. त्यात एक प्रश्न होता, "रात्री सरासरी किती तास झोपता?" त्या आठवड्यात माझ्या ओळीने तीन नाइट झाल्या होत्या, म्हणून मी शून्य लिहिलं. डॉक्टर हसले. "मग दिवसा?" मी म्हटलं सहा. त्यांनी शून्य खोडून सहा केलं आणि पुढच्या रकान्यात गेले. परत येताना लोकलमध्ये ते सहा डोक्यात घोळत राहिले. कुठून आणले मी सहा?

घरी येऊन हिशेब मांडला. दहाला घरी पोचते, चारला चहा टाकते. म्हणजे सहा! मधली आंघोळ, नाश्ता, बेल, मुलाचं ताट, सगळं मी झोपेतच धरलं होतं.

मग दोन गोष्टी केल्या. उशाशी एक वही ठेवली, आणि भावाने दिवाळीला दिलेला मनगटी पट्टा इतके दिवस ड्रॉवरमध्ये पडून होता तो बाहेर काढला. मी आयसीयूत आहे, नाइट रात्री ८ ते सकाळी ८. पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ होतात. उलट्या दिशेची गाडी, त्यामुळे खिडकी मिळते, एवढंच सुख. गेल्या बुधवारचा हिशेब देते:

वही: १०:३० ला आडवी झाले, पाचेक मिनिटांत डोळा लागला. १२:२५ ला पार्सलवाला (१० मिनिटं). १:१५ ला मुलगा शाळेतून आला, त्याला वाढलं (२५ मिनिटं). २:२० ला नणंदेचा फोन (५ मिनिटं). ३ ला जाग आली ती आलीच. म्हणजे ३ तास ४५ मिनिटं. मग ४:४५ ते ५:३० पुन्हा पडले, त्यात ४० मिनिटं लागली असेल. एकूण ४:२५.

पट्टा: "काल रात्रीची मुख्य झोप १ तास ४० मिनिटं", पहाटे ४ ते ५:४०! तेव्हा मी बेडसमोर बसून चार्ट भरत होते. सकाळच्या झोपेचे त्याने दुपारी १२ ला दोन तुकडे केले, एक "डुलकी" १:२० ची आणि दुसरी २:१० ची. संध्याकाळचं पडणं त्याच्या खिजगणतीतच नाही. एकूण ५:१०.

खरं कोण? बीपी हल्ली जरा वरच्या बाजूला असतं, फिजिशियनला दाखवायचं आहे. त्यांच्यासमोर कोणता आकडा ठेवू?

चाकणची_तिसरी_पाळी | रविवार, रात्री ९:२०

ताई, शून्य लिहिलंत ते एकदम बरोबर :हाहा: आमच्याकडे दर आठवड्याला पाळी बदलते. फर्स्ट, सेकंड, थर्ड. थर्डच्या पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला पडलो की साडेबाराला टक्क जागा. डोळे चुरचुरतात, डोकं जड, पण झोप नाही म्हणजे नाही. वर पत्रा असल्यामुळे एप्रिलमध्ये अकरानंतर खोलीत थांबवत नाही.

माझा पट्टा तर मी आंघोळीला जाताना काढून खिडकीत ठेवला तरी झोप धरतो. एकदा मशीनवर रिंग-घड्याळ चालत नाही म्हणून तो लॉकरमध्ये होता. संध्याकाळी संदेश आला, "छान विश्रांती घेतलीत!"

ईईजीवाला | रविवार, रात्री १०:४५

मी झोपेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, म्हणजे माझीही रातपाळीच. लोकांना झोपवायचं आणि आपण जागायचं. जरा सविस्तर लिहितो.

सिस्टर, तुमच्या तीन आकड्यांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्यात. त्यामुळे 'खरं कोण' याला एका शब्दात उत्तर नाही.

झोप म्हणजे नक्की काय हे बघायचं तर डोक्याला तारा लावाव्या लागतात. मेंदूच्या लहरी, बुबुळांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, सगळं एकत्र नोंदवायचं आणि ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाला जागं, हलकी, गाढ किंवा रेम (बुबुळं भराभर हलतात ती, स्वप्नांची झोप) असं नाव द्यायचं. ही पॉलिसोम्नोग्राफी. सर्वांत विश्वासार्ह हीच. पण आमच्या काळोख्या, वातानुकूलित खोलीत तुम्ही दिवसा झोपलात तर मला कळेल ते आमच्या खोलीतल्या झोपेबद्दल. डोंबिवलीतल्या बेलबद्दल काहीच नाही.

पट्टा काय करतो? तो हालचाल मोजतो. त्याच्या थोरल्या, संशोधनातल्या भावाला ॲक्टिग्राफ म्हणतात. मनगट हललं की जागं, बराच वेळ हललं नाही की झोप, असं गणित. हल्लीचे पट्टे हिरव्या दिव्याने नाडीही बघतात. झोपलेल्या माणसाला झोपलेला म्हणण्यात ही यंत्रं पटाईत असतात. जागा माणूस निपचित पडला असेल तर मात्र हमखास फसतात. पट्टा तुमच्या डाव्या हातात असणार. उजव्याने चार्ट लिहीत होतात, डावा फाइलवर टेकलेला. त्याला काय कळणार?

बारा वाजता तुकडे का पडले? झोप मोजायची बरीचशी सॉफ्टवेअर्स दिवस दुपारी १२ ते दुपारी १२ असा धरतात. रात्री झोपणाऱ्यांसाठी ते सोयीचं, कारण त्यांची झोप मधोमध येते. तुमची झोप बरोबर त्या शिवणीवर येते. रातपाळीवाल्यांचा अभ्यास करताना आम्ही पहिलं काम हेच करतो, ती शिवण सरकवून संध्याकाळी ६ वर आणतो.

आता वहीबद्दल. लोक वहीला कमी लेखतात. पाळीमुळे होणाऱ्या झोपेच्या आजाराचं निदान करताना किमान १४ दिवसांची वही मागतात, कामाचे आणि सुट्टीचे दोन्ही दिवस धरून. जमलं तर जोडीला ॲक्टिग्राफ. फिजिशियनकडे वहीच न्या. पट्ट्यातले "गाढ झोप २२ मिनिटं" वगैरे आकडे मनावर घेऊ नका. डोक्याला तार नसताना तो अंदाजच असतो.

जाता जाता एक खवचट प्रश्न. पहाटे ४ ते ५:४० तुम्ही खरंच पूर्ण वेळ चार्ट भरत होतात ना? विचारण्याला कारण आहे. १९८९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी कागद गिरणीतल्या २५ पाळी कामगारांच्या अंगावर नोंदणीयंत्र बांधून त्यांना चोवीस तास नेहमीसारखं काम करू दिलं, घरी झोपू दिलं. रातपाळीनंतरची झोप दुपारपाळीनंतरच्या झोपेपेक्षा साधारण दोन तास कमी भरली. कमी झाली ती मुख्यतः रेम आणि हलकी झोप, गाढ झोप शरीराने राखली. आणि जवळपास पाचातला एक जण चक्क कामावर असताना झोपलेला आढळला.

बिनघड्याळाचा | सोमवार, सकाळी ७:५०

सगळं वाचलं. आमचे आजोबा गिरणीत रातपाळी करायचे, सकाळी येऊन घोंगडी ओढून झोपायचे. कुणी मोजलं नाही, काही बिघडलं नाही. झोप आली की झोपा, जाग आली की उठा. मोजून मोजूनच झोप उडते.

ईईजीवाला | सोमवार, सकाळी ९:१०

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. पट्ट्यातले आकडे सुधारायच्या नादात झोप घालवून बसलेले लोक अमेरिकेतल्या तज्ज्ञांनाही दिसले. २०१७ मध्ये त्यांनी त्याला ऑर्थोसोम्निया असं नावही ठेवलं. म्हणून आमचा नियम असा की मधे जाग आली तर घड्याळाकडे बघायचं नाही. उठल्यावर आठवेल तसं लिहायचं. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर चालतात.

आजोबांचं काही बिघडलं नाही हे मात्र कुणी मोजलं होतं का? :)

रातपाळीवाल्याची_बायको | सोमवार, दुपारी २:३०

मी तर चालतंबोलतं यंत्र आहे. हे किती वेळा कूस बदलतात, किती वाजता घोरायला लागतात, सगळं मला पाठ. एक खोली आणि स्वयंपाकघर. हे झोपले की मी कुकर लावत नाही, डाळ पातेल्यात शिजवते. मुलं गॅलरीत. बेल वाजायच्या आधी मी दारात. भंगारवाल्याला लांबूनच हात करते. गेली अकरा वर्षं हेच.

सिस्टरचं वाचताना एक खटकलं. पार्सल त्यांनी घेतलं, मुलाला त्यांनी वाढलं, नणंदेचा फोनही त्यांनीच उचलला. आमच्याकडे नवरा रातपाळी करतो तेव्हा सगळं घर त्याच्यासाठी चवड्यांवर चालतं. सिस्टर रातपाळी करून येते तेव्हा घराला वाटतं, बरं झालं, आज आई घरी आहे.

चाकणची_तिसरी_पाळी | सोमवार, दुपारी ३:१५

वहिनी +१००. आमच्या हिनेही हे वाचलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

डोंबिवलीची_सिस्टर | मंगळवार, दुपारी १२:२०

बायको, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं हो.

ईईजीवाले दादा, पकडलंत. मी रात्रभर आठवत होते. साडेचारच्या सुमाराला दोन्ही पेशंट स्थिर होते, जोडीदारीण म्हणाली मी बघते, तू टेक जरा. टेबलावर डोकं टेकलं, वीस मिनिटं. त्याला झोप म्हणायचं हे सुचलंच नाही, म्हणून वहीत नव्हतं. आणि गाडीत कुर्ल्यानंतर एकदम ठाणंच दिसलं. पंधरा मिनिटं तीही धरा.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १२:५५

ताई, १२:२० ला प्रतिसाद? वहीत लिहा :डोळेमिचकावणे:

आता गंमत बघा. वहीचे ४:२५, टेबलावरची २०, गाडीतली १५. झाले बरोबर ५ तास. पट्टा म्हणतो ५:१०. दहाच मिनिटांचा फरक! म्हणजे पट्टा बरोबर? छे. त्याने पहाटेची ८० मिनिटं फुकटची धरली, संध्याकाळची ४० आणि गाडीतली १५ सोडली, मधल्या झोपेत १५ कमी भरली. चुका विरुद्ध दिशांच्या होत्या म्हणून एकमेकींना खाऊन गेल्या. बेरीज जुळली तरी हिशेब चूकच. एकूण आकड्यावर विसंबू नका, कुठला तुकडा कुठून आला ते बघा.

दुसरं असं की सरासरी काढताना नाइटचे दिवस आणि ऑफचे दिवस एकत्र घुसळू नका. तीन दिवस ५ तास आणि ऑफला ९ तास झोपलात की सरासरी ६ भरते आणि दिसायला छान दिसते. पण तेवढं तुम्ही एकही दिवस झोपलेल्या नसता.

तिसरं म्हणजे झोपेची कार्यक्षमता, अंथरुणातल्या वेळापैकी झोपेत किती गेला ते. बुधवारी तुमचे साडेचार तासांपैकी पावणेचार, म्हणजे ८३ टक्के. ८५ च्या वर असलं की सर्वसाधारणपणे ठीक म्हणतात. रातपाळीवाल्यांना मात्र हा आकडा फसवतो. माणूस इतका दमलेला असतो की पडल्या पडल्या झोपतो, टक्केवारी झकास येते, आणि झोप चारच तासांची असते.

रनिंग_रूम | मंगळवार, रात्री ८:३०

मी मालगाडीचा लोको पायलट. तुम्हाला निदान पाळी तरी आहे. आम्हाला फोन आला की लॉबीत हजर, ब्रेथ टेस्ट, सही, गाडी ताब्यात. आज पहाटे २ ला, परवा सकाळी ११ ला. उतरलो की रनिंग रूम, म्हणजे आमची विश्रांतीची जागा. तिथली खाट वेगळी, पंखा वेगळा, शेजारी घोरणारा वेगळा.

मला कुठलंच ॲप चाललं नाही, कारण सगळी विचारतात "काल रात्री". शेवटी मुलीच्या गणिताच्या वहीचा चौकटीचा कागद घेतला. एका ओळीत ४८ चौकटी, एक चौकट अर्ध्या तासाची. आडवा झालो की खाली बाण, उठलो की वर बाण, झोप लागलेल्या चौकटी पेन्सिलने काळ्या. ड्यूटीवर लाल रेघ. महिन्याने कागद लांबून धरला आणि पोटात गोळा आला. काळ्या चौकटी कुठेही, रांगोळीचे ठिपके विस्कटल्यासारख्या. आकड्यांनी हे कधी दिसलं नसतं.

ईईजीवाला | मंगळवार, रात्री ११:२०

रनिंग रूम साहेब, तुम्ही जे केलंत तेच आम्ही छापील कागदावर करून घेतो. सिस्टर, हाच कागद करा, फक्त ओळ संध्याकाळी ६ ला सुरू करा. टेबलावर डोकं टेकलेलंही त्यात काळं करायचं, लाजायचं नाही. पट्टा चालू ठेवायचा तर तो कधी काढला त्याची वेळ लिहा, नाहीतर लॉकरसुद्धा झोपतो. गाडीतल्या नोंदीवर विश्वास नको. धक्क्यांमुळे यंत्र झोपेला जाग म्हणतं, किंवा शांत बसलेल्याला झोप म्हणतं, दोन्ही होतं.

किती दिवस? तुमचं चक्र पूर्ण झालं पाहिजे. साधारण दोन आठवडे.

आणि झोपेच्या तासांइतकीच जागेपणाची नोंद महत्त्वाची. कॅरोलिन्स्का नावाची १ ते ९ ची पट्टी आहे. १ म्हणजे टक्क जागं, ९ म्हणजे झोपेशी झगडा चाललाय. नाइटला निघताना एकदा आणि पहाटे चारला एकदा आकडा टाका, पाच सेकंदांचं काम. बारकाईने बघायचं तर दहा मिनिटांची प्रतिक्रियेची चाचणी असते, पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं. अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर झाला की ती चूक मोजतात. पण ती ड्यूटीवर करत बसू नका म्हणजे झालं.

चाकणची_तिसरी_पाळी | बुधवार, सकाळी ८:४०

एक विचारतो. एवढं दमूनही साडेबाराला जाग का येते? पत्रा तापायच्या आधी, हिवाळ्यातसुद्धा.

ईईजीवाला | बुधवार, सकाळी १०:०५

झोप दोन गोष्टींवर चालते. झुरिकच्या अलेक्झांडर बॉर्बेली यांनी १९८२ मध्ये हे नीट मांडलं. एक म्हणजे साठत जाणारा दाब. जितका वेळ जागे, तितका जास्त, इडलीचं पीठ फुगतं तसा. दुसरं, शरीराचं आतलं घड्याळ. तुम्ही साडेआठला पडता तेव्हा दाब भरपूर असतो, लगेच झोप लागते. पण पहाटे चार-पाचच्या सुमाराला तळ गाठलेलं शरीराचं तापमान तेव्हा चढायला लागलेलं असतं, घड्याळ 'उठा' म्हणत असतं. चार तासांत दाब बराच उतरतो, आणि घड्याळ जिंकतं. पत्र्याचा दोष नाही, पत्रा फक्त हातभार लावतो.

डोंबिवलीची_सिस्टर | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ७:१५

धागा वर आणतेय. चौकटीचा कागद केला. त्यात माझा एक रकाना वाढवला, "कुणामुळे". यंत्राला जाग कळते, पण ती कुणी आणली ते कळत नाही.

दोन फेऱ्या, नाइटचे सहा दिवस. एकूण १९ वेळा जाग. बेल ८, मुलगा ५, फोन ३, तहान वगैरे २, आपोआप १. हा कागद मी नवऱ्यासमोर ठेवला. भांडले नाही. त्याने तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "बेल आठ वेळा?" मग स्टूल आणून बेलचा वरचा स्विच बंद करून दाखवला. इतकी वर्षं तो स्विच तिथेच होता. पार्सल समोरच्या काकूंकडे. मुलगा शाळेतून थेट त्यांच्याकडेच जातो, जेवतो आणि तीनला येतो. फोन विमानात.

पुढचे तीन नाइटचे दिवस सरासरी ४:२५, मधली झोप फक्त. आधी ३:४५ होती. पहाटे चारचा कॅरोलिन्स्काचा आकडा ८ चा ६ वर आला. पण तीनच्या पुढे एकदाही गेले नाही. ३:०५, २:५५, ३:०५. घरात चिटपाखरू नसताना.

फिजिशियननी दोन्ही कागद ठेवून घेतले. बीपी घरी रोज दोनदा मोजून त्याच कागदावर लिहायला सांगितलंय, झोपून उठल्यावर आणि नाइटला निघताना.

ईईजीवाला | शनिवार, रात्री ९:५०

तीनची जाग आतल्या घड्याळाची, तिला स्विच नाही. खेचायचं तर पुढून नको, मागून खेचा. साडेदहाऐवजी दहाला आडव्या व्हा, आंघोळ उठल्यावर. स्टेशनवरून घरी चालताना गॉगल घाला, सकाळच्या उन्हाने घड्याळ आणखी पक्कं दिवसाला बांधलं जातं. आणि संध्याकाळची ४० मिनिटं अजिबात सोडू नका. 'कुणामुळे' रकाना मी आमच्या कागदात घेतोय.

चाकणची_तिसरी_पाळी | शनिवार, रात्री १०:१०

स्विचचं भारी. आमची ही तर कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जाते. कुलूप दिसलं की कुणी दार वाजवत नाही.

रातपाळीवाल्याची_बायको | शनिवार, रात्री १०:२५

भाऊ, आत माणूस असताना बाहेरून कुलूप नको हो. गॅस आहे, वायरिंग आहे. तसंच करायचं असेल तर दुसरी किल्ली शेजारी द्या आणि एक खिडकीतून बाहेर देता येईल अशी आत ठेवा. नाहीतर पाटी लावा.

डोंबिवलीची_सिस्टर | शनिवार, रात्री १०:४०

पाटीही लावून बघितली होती. "रातपाळी आहे, बेल वाजवू नये." दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या वॉचमनने बेल वाजवून विचारलं, पाटी कुणासाठी आहे?